वैद्यकीय आनुवंशिकीत इंटर्नशिप : शोधावी कशी, करावी कशी

वैद्यकीय आनुवंशिकी विभागात इंटर्न म्हणून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा बहुधा हिरमोड करणारा असतो. जनुकांची काटछाट, नव्या आजाराचा शोध, असे काहीतरी मनात धरून तो येतो आणि त्याच्या पुढ्यात जुन्या फायलींचा गठ्ठा, नळ्यांवर चिकटवायची लेबले आणि अर्धवट भरलेला तक्ता ठेवला जातो. हे काम क्षुल्लक वाटते, पण तसे ते नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घ्या. त्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरे लागोपाठ किती वेळा येतात, हे तपासणीत मोजतात. संख्या 36 ते 39 असेल तर आजार होईल किंवा होणारही नाही. 40 किंवा त्याहून जास्त असेल तर नेहमीच्या आयुर्मानात तो होणार असेच धरले जाते. अहवालातून तक्त्यात उतरवताना 39 चे 40 झाले, तर ती चूक कोणतेही यंत्र पकडत नाही.

पदवीच्या विद्यार्थ्याने निदान करायचे नसते, समुपदेशन करायचे नसते आणि अहवालावर सहीही करायची नसते. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की माहिती त्याच्या हातून पुढे जाताना बदलू नये. जागा शोधण्यापासून ती सोडण्यापर्यंतच्या सगळ्या सूचना मी याच एका अपेक्षेभोवती लिहिल्या आहेत.

कोणत्या खोलीत बसायचे, ते आधी ठरवा

'जेनेटिक्समध्ये इंटर्नशिप हवी आहे' असे म्हणणारे विद्यार्थी प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत असतात. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण येण्यापूर्वी कुटुंबाचा इतिहास गोळा करणे, इतर रुग्णालयांतले जुने अहवाल मागवणे, लक्षणांची नोंद करणे आणि पुढच्या भेटीचा पाठपुरावा करणे ही कामे असतात. प्रयोगशाळेत डीएनए वेगळा करणे, पीसीआर (म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे), पेशींचे संवर्धन आणि गुणसूत्रांची मोजणी असते. संगणकावरच्या कामात सिक्वेन्सिंगमधून, म्हणजे डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्याच्या तपासणीतून, आलेल्या जनुकीय बदलांची छाननी, संदर्भ शोधणे आणि आकडेमोड येते. चौथा प्रकार विद्यार्थी सहसा विसरतात : दुर्मीळ आजारांच्या नोंदवह्या, जैवनमुन्यांच्या बँका, नवजात बालकांच्या चाळणी चाचण्यांचे कार्यक्रम आणि रुग्णांच्या पालकांनी चालवलेल्या संस्था. या ठिकाणी अर्जांची गर्दी कमी असते आणि काम मात्र भरपूर असते.

पुढे आनुवंशिक समुपदेशक व्हायचे असेल तर रुग्णांच्या सहवासातले काम निवडा. पीएचडीचा विचार असेल तर प्रयोगशाळा किंवा संगणक. दोन्हींबद्दल मन साशंक असेल तर नोंदवहीचे काम घ्या, कारण तिथे डॉक्टर, समुपदेशक, तंत्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अशा सगळ्यांशी रोजचा संबंध येतो. मात्र आठ-दहा आठवड्यांत चारही खोल्या 'पाहून' येण्याचा मोह टाळावा. सगळीकडे डोकावून आलेल्या विद्यार्थ्याला मुलाखतीत सांगण्यासारखे फारसे काही नसते. एका आजाराच्या दोनशे नोंदी नीट लावून आलेला विद्यार्थी मात्र त्यावर तासभर बोलू शकतो. आठवड्याला सहा-आठ तास, पण सहा महिने किंवा वर्षभर, अशी रचना मिळत असेल तर मी ती उन्हाळ्याच्या भरगच्च सुट्टीपेक्षा बरी समजेन, कारण या शाखेत अहवाल यायला आठवडे लागतात आणि एखाद्या कुटुंबाची गोष्ट पहिल्या भेटीपासून निकालापर्यंत पाहायला तेवढा काळ हाताशी असावा लागतो.

जवळपास अशी जागाच नसेल, तर घरबसल्या करण्याजोगे एक गंभीर काम उपलब्ध आहे. जनुके आणि आजार यांच्यातील संबंधांचे पुरावे तपासणाऱ्या क्लिनजेन या प्रकल्पात स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन छाननीच्या कामात घेतले जाते. त्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही; शोधनिबंध चिकाटीने वाचण्याची तयारी हवी.

अर्जापूर्वीची तयारी

रुग्णांशी किंवा नमुन्यांशी संबंध येणार असेल, तर पहिली तयारी लसीची. हिपॅटायटिस बीच्या लसीचे नेहमीचे वेळापत्रक तीन मात्रांचे आहे : पहिली, एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. निवड झाल्याचे पत्र हाती आल्यावर सुरुवात केली तर तिसऱ्या मात्रेपूर्वीच इंटर्नशिप संपते. लहानपणी लस घेतली असेल तर तिची कागदोपत्री नोंद आत्ताच शोधून ठेवा.

अभ्यासात सगळे पाठ्यपुस्तक उलथेपालथे करण्याची गरज नाही, पण आनुवंशिकतेच्या पद्धती आणि साधी संभाव्यता यांवर पक्की पकड हवी. मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा : एका मुलीच्या सख्ख्या भावाला ऑटोसोमल रिसेसिव्ह आजार आहे, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली तरच दिसणारा. आईवडिलांना आजार नाही. मुलगी स्वतः निरोगी आहे आणि आजार लहानपणीच दिसणारा असल्यामुळे तिला तो नाही हे निश्चित आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक विद्यार्थी चटकन निम्मी म्हणतात. आईवडील दोघेही वाहक असताना चार शक्यता असतात : एक आजारी, दोन वाहक, एक पूर्णपणे मुक्त. मुलगी आजारी नाही हे आपल्याला माहीत असल्यामुळे पहिली शक्यता बाद होते आणि उरलेल्या तिघांपैकी दोन वाहक असतात. म्हणून उत्तर दोन तृतीयांश. उत्तर चुकले तरी फारसे बिघडत नाही. 'मुलगी निरोगी आहे' ही माहिती तुम्ही वापरली की वाऱ्यावर सोडली, हे विचारणाऱ्याला पाहायचे असते.

त्याखेरीज चार-पाच माहितीसाठ्यांशी ओळख करून घ्या. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी 1966 मध्ये छापील सूची म्हणून सुरू केलेले आणि आज संगणकावर असलेले ओमिम, एकेका आजारावर सविस्तर प्रकरणे देणारे जीनरिव्ह्यूज, जनुकीय बदलांचा अर्थ कोणी काय लावला आहे हे दाखवणारे क्लिनव्हार, सर्वसाधारण लोकसंख्येत एखादा बदल किती वेळा आढळतो हे सांगणारे नोमॅड आणि लक्षणांना ठरावीक नावे देणारी ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी. हे सगळे विनामूल्य उघडते. एक आजार निवडा आणि तो या पाचही ठिकाणी शोधून पाहा. एका संध्याकाळचे काम आहे, पण त्यातून जी समज येते ती वर्गात बसून येत नाही. संगणकाकडे ओढा असेल तर पायथन किंवा आर यांपैकी एका भाषेत हजार ओळींचा तक्ता वाचून त्यातल्या दुबार नोंदी शोधता याव्यात. सुरुवातीला तेवढे पुरते.

पत्र कसे लिहावे

तीन ते सहा महिने आधी लिहा. हा काळ मोठा वाटेल, पण रुग्णांच्या माहितीला हात लावण्यापूर्वी अनेक संस्थांमध्ये तुमचे नाव संशोधनाच्या पथकात रीतसर घालावे लागते, नैतिकता समितीला कळवावे लागते आणि संगणकाचे स्वतंत्र खाते मिळावे लागते. या प्रत्येकाला आठवडे लागतात.

पत्र विभागाच्या सर्वसाधारण पत्त्यावर पाठवण्यापेक्षा एका व्यक्तीला पाठवावे, आणि ती व्यक्ती विभागप्रमुखच असावी असे नाही. आनुवंशिक समुपदेशक, संशोधन समन्वयक किंवा प्रयोगशाळेच्या व्यवस्थापक यांना मदतीची गरज अधिक असते आणि तुमचे पत्र वाचून होण्याची शक्यताही अधिक असते. दीडशे-दोनशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. 'मला लहानपणापासून डीएनएचे आकर्षण आहे' हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचले आहे, की आता तिथेच नजर घसरते. त्याऐवजी असे काहीतरी लिहिता येईल :

'आपण स्नायूंच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांची नोंदवही चालवता, हे आपल्या विभागाच्या संकेतस्थळावर वाचले. मी जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी चारशे नोंदींचा तक्ता तपासून त्यातल्या विसंगती शोधण्याचे काम मी केले होते. येत्या सत्रात आठवड्याला आठ तास, सहा महिने मी देऊ शकेन. नोंदी भरणे, जुने अहवाल शोधणे किंवा पाठपुरावा यांपैकी कशातही मदत लागत असेल तर पंधरा मिनिटे भेटायला आवडेल.'

या पत्रात चार गोष्टी आहेत : तुम्ही कोणाला लिहीत आहात हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हाला काय येते, किती वेळ आहे आणि कोणते काम करायला तयार आहात. शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा, आणि एकदाच, आठवण करावी.

होकार आल्यावर लाजू नये अशा काही चौकशा आहेत. मानधन आहे का, नसेल तर महाविद्यालयाचे श्रेयांक मिळतील का, सुई टोचली किंवा नमुना अंगावर सांडला तर उपचारांची जबाबदारी कोणाची, आणि रोजच्या कामाची देखरेख नेमकी कोण करणार. केवळ पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या आणि कामाचे स्वरूप विचारल्यावर गोलमोल बोलणाऱ्या ठिकाणांपासून चार हात दूर राहावे. तसल्या प्रमाणपत्राची किंमत या क्षेत्रातला कोणीही एका प्रश्नात ओळखतो.

गोपनीयता : नाव खोडले म्हणजे ओळख पुसली असे नाही

पहिल्या काही दिवसांत तुम्हाला संशोधनाच्या नैतिकतेचे प्रशिक्षण घ्यावे लागेल. हेलसिंकी जाहीरनामा 1964 चा, चांगल्या वैद्यकीय संशोधनाचे नियम त्यानंतरचे, संमतीपत्राचे भाग अमुक इतके, असे सगळे पडद्यावर वाचून शेवटी प्रश्नमंजूषा सोडवायची असते. ती विद्यार्थी अर्ध्या तासात उरकतात. आनुवंशिकीतला खरा पेच मात्र त्यात नीट येत नाही.

इतर बहुतेक शाखांमध्ये अहवाल एका माणसाचा असतो. इथे तो त्या माणसाबरोबर अख्ख्या घराचा असतो. स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-1 या जनुकाच्या तपासणीचा एका बाईचा निकाल तिच्या बहिणीबद्दल, मुलीबद्दल आणि कदाचित हयात नसलेल्या वडिलांबद्दलही काही सांगत असतो, आणि त्यांपैकी कोणीही संमतीपत्रावर सही केलेली नसते. शिवाय आजार दुर्मीळ असेल तर नाव खोडून काही साधत नाही : आजाराचे नाव, मुलाचे वय आणि गाव एवढे एका वाक्यात आले, की ओळखणारा ओळखतो. म्हणून वसतिगृहातल्या मैत्रिणीला 'आज एक विलक्षण केस आली होती' असे सांगण्याची सुरुवातच करू नये. मुलांच्या चेहऱ्याची छायाचित्रे निदानासाठी घेतली जातात. ती संस्थेच्या कॅमेऱ्यातच राहिली पाहिजेत. स्वतःच्या फोनवर, 'फक्त पाठवण्यापुरती'सुद्धा, घेऊ नका.

एक वेगळा सल्ला, जो क्वचितच कोणी देतो. प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी नमुना हवा असतो आणि उत्साही विद्यार्थी आपलेच रक्त किंवा लाळ पुढे करतो. असे करू नये. तुमच्या डीएनएमध्ये काय दिसेल हे कोणालाच ठाऊक नसते. समुपदेशनाशिवाय, सहकाऱ्यांच्या देखत आणि भावंडांना न विचारता ते कळण्याची ही जागा नव्हे. तुलनेचे नमुने विकत मिळतात.

मार्गिकेतला प्रश्न

रुग्णालयात काम करताना कधी ना कधी एखादी आई तुम्हाला मार्गिकेत गाठेल. तुम्ही मागच्या वेळी तिच्याकडून माहिती लिहून घेतलेली असते, म्हणून तुमचा चेहरा ओळखीचा. ती विचारेल, 'रिपोर्ट आला का हो? तुम्ही पाहिलाय ना?' आणि तुम्ही तो खरोखरच पाहिलेला असेल. अशा वेळी 'काळजी करू नका' म्हणणे हे उत्तर ठरते, गप्प राहून नजर चुकवणे हेही उत्तर ठरते. एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा : 'अहवालाबद्दल मॅडमच तुमच्याशी बोलतील, त्या आज कधी भेटतील ते मी आत्ता विचारून येते.' आणि खरोखर जा, विचारा, परत येऊन सांगा. तिला त्या क्षणी निकालाइतकीच, कोणीतरी आपली दखल घेतली याचीही गरज असते.

वंशावळ काढताना

इंटर्नच्या वाट्याला येणाऱ्या कामांत मला सर्वांत आवडते ते हे. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, लिंग नोंदलेले नसेल तर हिऱ्याचा आकार. आजार असलेल्याची आकृती भरलेली, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, ज्याच्यामुळे कुटुंब दवाखान्यात आले त्याच्याकडे बाण, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. ही चिन्हे 1995 मध्ये प्रमाणित झाली आणि नंतर सुधारली गेली. किमान तीन पिढ्या काढायच्या, पिढ्यांना रोमन आकडे द्यायचे आणि प्रत्येक पिढीतल्या व्यक्तींना डावीकडून क्रमांक. हे एका दुपारीत शिकता येते.

शिकायला वेळ लागतो तो नाती विचारायला. मराठीत बोलणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत आपली भाषा मोठीच मदत करते. 'कझिन' या एका शब्दात चुलत, आते, मामे आणि मावस हे चारही मिसळून जातात आणि बाजू कोणती ते पुन्हा विचारावे लागते; 'मामेभाऊ' म्हटले की आईची बाजू लगेच कळते. मुलग्यांना आईकडूनच मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावरचा आजार असेल तर हा फरक निर्णायक ठरतो : आईचा भाऊ आणि मावशीचा मुलगा दोघेही आजारी निघाले, तर वंशावळ स्वतःच बोलू लागते.

पण हीच भाषा फसवतेही. चुलतभावाला लोक सरळ 'माझा भाऊ' म्हणतात, शेजारच्या माणसालाही 'काका' म्हणतात. 'सावत्र' हा शब्द तर सर्वांत धोक्याचा, कारण एक पालक समान असलेले भावंड आणि एकही समान नसलेले भावंड, दोन्ही त्यातच येतात. आनुवंशिकीच्या दृष्टीने पहिल्याशी रक्ताचे नाते आहे, दुसऱ्याशी काहीच नाही. म्हणून 'तुमचा भाऊ' असे ऐकले की 'म्हणजे तुमची आई एकच आणि वडीलही एकच?' असे शांतपणे विचारायचे. गर्भपात आणि लहानपणी गेलेली मुले कोणी आपणहून सांगत नाही. 'तुमच्या आईला एकूण किती वेळा दिवस गेले होते?' असा प्रश्न केला तर ती कळतात. आजाराचे नाव सांगितले तर कधी आणि कोणी निदान केले ते लिहावे, कारण 'आजोबांना हृदयाचे होते' यातून काहीही निघू शकते. दत्तक, नात्यातले लग्न, आत्महत्या अशा गोष्टी विचारताना आवाज आणि चेहरा अगदी वय विचारताना असतो तसाच ठेवावा.

वंशावळीत आणि तपासणीत मेळ बसत नसल्याचेही कधीतरी लक्षात येते, विशेषतः आई, वडील आणि मूल अशा तिघांचे नमुने एकत्र तपासले असतील तर. सांगितलेले वडील जैविक वडील नसल्याची शक्यता त्यातून पुढे येते. तुम्हाला तसे दिसले, तर टेबलावर बोलू नका, ईमेलमध्ये लिहू नका, फाइलमध्ये शेरा मारू नका. मार्गदर्शकाला एकटे गाठून सांगा. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, हेही तितकेच शक्य असते.

लक्षणे लिहिताना पालकांचे शब्द एका रकान्यात जसेच्या तसे ठेवा आणि शेजारच्या रकान्यात ठरावीक संज्ञा लिहा. 'पोरगं ढिलं वाटायचं, दीड वर्षाचं झाल्यावर चाललं' यातून स्नायूंचा ताण कमी असणे ही एक नोंद आणि चालण्याचे वय अठरा महिने ही दुसरी नोंद होते. त्यावरून 'विकास मंद' असे लिहून टाकले, तर बोलणे आणि समज यांबद्दल कोणी न सांगितलेली गोष्ट तुम्ही फाइलमध्ये घुसडलेली असते.

नळी, लेबल, सूक्ष्मदर्शक

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी नळ्यांच्या टोपणांचे रंग समजून घ्या. बहुतेक ठिकाणी डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए असलेली नळी वापरतात आणि गुणसूत्रांच्या तपासणीसाठी हिरव्या टोपणाची हेपॅरिनची; दोन्ही द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत. कारण लक्षात असले की पाठ करावे लागत नाही : हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते, तर गुणसूत्रे पाहायला जिवंत, विभाजन होणाऱ्या पेशी लागतात आणि त्या हेपॅरिनमध्ये तग धरतात. त्या पेशी साधारण 72 तास वाढवून, विभाजनाच्या मध्यावर थांबवून, मग काचपट्टीवर घेतात.

लेबलाबद्दल स्वतःची चूक सांगतो. विद्यार्थी असताना माझ्याकडे एकाच दिवशी दोन सख्ख्या भावांचे नमुने आले. आडनाव एक, आद्याक्षरही एक. मी दोन्ही नळ्यांवर आडनाव आणि आद्याक्षर लिहिले आणि नोंदणी क्रमांक 'नंतर टाकू' म्हणून ठेवून दिला. अर्ध्या तासाने दोन्ही नळ्या हातात घेऊन उभा होतो आणि कोणती कोणाची ते सांगता येत नव्हते. वरिष्ठांना सांगितले, नळ्या टाकून दिल्या गेल्या आणि चार वर्षांच्या धाकट्याला पुन्हा सुई टोचावी लागली. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. प्रत्येक नळीवर किमान दोन स्वतंत्र ओळखी हव्यात, आणि लेबल नळी भरल्यावर लगेच, त्याच व्यक्तीसमोर लावायचे असते. चूक झाली तर तत्क्षणी सांगायची. अंदाजाने लेबल लावून मोकळे होण्याचा मोह मलाही झाला होता, हे कबूल करतो.

गुणसूत्रे मोजायला बसवले तर साधारणपणे वीस पेशी तपासायच्या असतात. पाच-सहा पेशींत 46 आले की डोळा पुढच्या पेशींतही 46 च पाहू लागतो. याला मोठा इतिहास आहे : 1920 च्या दशकापासून माणसात 48 गुणसूत्रे असतात असे मानले जात होते आणि तीसेक वर्षे मोजणाऱ्यांना 48 च सापडत राहिली. त्यो आणि लेवान यांनी 1956 मध्ये ती 46 असल्याचे दाखवले. म्हणून प्रत्येक पेशीची संख्या आधी कागदावर लिहा आणि मगच पुढच्या पेशीकडे वळा.

पडद्यावरची कामे

तक्ता हे इंटर्नचे रोजचे हत्यार आणि रोजचा सापळाही. एक्सेलमध्ये जनुकांची यादी चिकटवली की 'सेप्ट-2' आणि 'मार्च-1' अशा नावांच्या जनुकांच्या तारखा होऊन बसत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असल्या चुका आढळल्या. शेवटी 2020 मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीनेच माघार घेऊन त्यांची नावे 'सेप्टिन-2' आणि 'मार्च-एफ-1' अशी बदलली. जुन्या याद्यांमध्ये मात्र ती जुनीच असतात, तेव्हा चिकटवण्यापूर्वी रकाना 'मजकूर' या प्रकारात ठेवा आणि मूळ फाइलला कधीही हात लावू नका. काम प्रतीवर करा.

जनुकातल्या जागेचा आकडा लिहिताना तो कोणत्या संदर्भ जिनोमवरचा (म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या मानवी डीएनएच्या कोणत्या आवृत्तीवरचा), हे सोबत लिहिलेच पाहिजे. 2009 चा जीआरसीएच-37 आणि 2013 चा जीआरसीएच-38 हे दोन्ही वापरात आहेत आणि एकाच बदलाची जागा दोन्हींत वेगळी असते. प्रथिनाच्या क्रमांकातही अशीच गंमत आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा बदल जुन्या लेखनात सहाव्या स्थानी आणि आजच्या प्रमाण लेखनात सातव्या स्थानी असतो, कारण पूर्वी प्रथिनाच्या सुरुवातीचे मेथिओनिन हे अमिनो आम्ल मोजत नसत. हे दोन वेगळे बदल समजून दोन ओळी भरणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी भेटतो.

जनुकीय बदलांचे वर्गीकरण 2015 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पाच पायऱ्यांत होते : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधली पायरी विद्यार्थ्यांना अस्वस्थ करते. ती 'थोडीशी रोगकारक' नव्हे. पुरावा अपुरा आहे एवढाच तिचा अर्थ, आणि पुढे ज्यांचे फेरवर्गीकरण होते त्यांतले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. नोमॅडमध्ये एखादा बदल सापडला नाही म्हणून तो दुर्मीळ आणि म्हणून संशयास्पद, असे लिहिण्यापूर्वी त्या साठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण खूप जास्त आहे हे ध्यानात घ्या. रुग्णाच्या समाजात तो बदल सर्रास असू शकतो. तुमचे काम पुरावा गोळा करून तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला पाहिला हे लिहिण्याचे, निवाडा इतरांचा.

जागा सोडताना

शोधनिबंधावर नाव येणार का, हा प्रश्न शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत. केवळ नोंदी भरल्याने ते पूर्ण होत नाहीत आणि आभारात नाव येते. अधिक काही हवे असेल तर मसुद्याच्या वेळी कोणता भाग लिहू, हे मध्यावरच विचारावे. शिफारसपत्रही जाण्यापूर्वी मागा, आणि सोबत तुम्ही काय केले त्याची अर्धे पान यादी द्या, तारखांसह. रोजची नोंदवही ठेवली असेल तर ती यादी दहा मिनिटांत होते. ती नोंदवही मात्र संस्थेची असते. घरी नेण्याची नाही.

स्वतःच्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये रुग्णांची माहिती राहिलेली नाही याची खातरजमा करा आणि तसे मार्गदर्शकांना लेखी कळवा. शेवटच्या आठवड्यात तुमच्या कामाचे एक पान लिहा : कोणती फाइल कुठे आहे, प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, रिकाम्या चौकटीचा अर्थ 'नाही' की 'विचारलेच नाही', कोणत्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि का. मग ते पान नव्या इंटर्नला द्या, तिला तुमच्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही मागे उभे राहून एक शब्दही न बोलता तिला पाच नोंदी भरू द्या. जिथे ती थांबेल आणि मागे वळून तुमच्याकडे पाहील, तिथे त्या पानात एक ओळ कमी आहे.